काचेवर बसलेलं मीठ

अकोला, शनिवार

सौ. कौशल्या,

चिमूटभर मिठाची खरी किंमत आज समजली. त्याले एक पेट घेणारा धातू लागतो अन् एक विषारी वायू. फोनवर तू पुरतं ऐकत नाहीस, म्हणून लिहून राहिलो.

आपल्या आचलच्या बोटाले कॉलेजातल्या प्रयोगात बसलेला चटका पाहिला. तांदळाएवढा आहे. दुखत नाही म्हणते. मी फिरून फिरून विचारलं. शिक्षण सोडून घरी चल, हा तुझा निरोप सांगायच्या आधीच तिच्या मॅडमनं मले प्रयोग पाहायले बसवलं.

रॉकेलात ठेवलेलं सोडियम आचलनं सुरीनं खव्यासारखं कापलं. बंद काचेच्या कपाटात ते तापवून हिरवट क्लोरिनच्या बरणीत सोडलं. बारीक फस्स ऐकू आलं अन् आत पिवळाधमक जाळ उठला. मी खुर्ची मागे सरकवली. पोरगी हलली नाही. मग पांढरा धूर काचेवर बसला.

"बाबा, हेच आपल्या वरणातलं मीठ."

"अन् विष कुठं गेलं?"

"सोडियमजवळ एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरिनले एक कमी. यानं दिला, त्यानं घेतला. आता दोघं बी शांत."

संत्र्याच्या धंद्यात जन्म गेला, पण देणारा अन् घेणारा दोघंही शांत, असा सौदा मी पाहिला नव्हता.

तुझा गुडघा कसा आहे? बंडू बागेले पाणी देते ना?

घरून निघताना बंडूसमोर मी म्हणालो होतो, "पोरीले संगं आणीन, तवाच दारात पाय ठेवीन." सोमवारच्या एसटीनं मी एकटाच येतो.

तुझा,
जानराव