सर्व म्हणजे पहिले दहा

बालीगंज, कोलकाता
रथसप्तमीचा दुसरा दिवस

चि. वृषालीस श्रीकांतमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. म्हणजे मामीचा गुडघा बोलतो आहे आणि मी ऐकतो आहे. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाची आधी पाठच विचारावी लागते, तेव्हा उत्तर सविस्तर दे. तुझ्या आईला सांग, तिने पाठवलेला चिकीचा गूळ पोचला आणि मामीने त्याच्या अशा वड्या केल्या की आठवडाभर बालीगंजातले दंतवैद्य आनंदात आहेत.

पत्रास कारण की, दिवाळीत तू इथे आलीस आणि आमच्या मराठी मंडळाची सभासदांची यादी जुन्या रजिस्टरातून उचलून वेबसाइटवर मांडून दिलीस. जाताना म्हणालीस, मामा, आता दारोदार अक्षता घेऊन फिरायला नको, एक टिचकी मारायची की सगळ्यांना निमंत्रण. (तुझा हा 'सगळ्यांना' शब्द लक्षात ठेव, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.) मी तीस वर्षे संस्कृत शिकवले आहे, त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर माझा फार लवकर विश्वास बसतो.

आता पार्श्वभूमी. आपल्या गल्लीतल्या क्लबाच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मंडळाच्या मुलांचा मराठी वर्ग घेतो. इथली मुले घरात मराठी ऐकतात, उत्तर हिंदीत देतात आणि भांडतात बंगालीत, तेव्हा वर्गाची गरज कुणी नाकारत नाही; फक्त मुले पाठवत नाही. क्लबाचे सेक्रेटरी मुखर्जीबाबू (मूळचे बागबाजारचे, लग्नानंतर इकडे आले, आणि ही हकिगत अजून परदेशगमनासारखी सांगतात) यांनी डिसेंबरात मला चहाला बोलावले. म्हणाले, "मास्टरमशाय, तुमच्या वर्गाला चार मुलं येतात. चित्रकलेच्या वर्गाला जागा मिळावी म्हणून अख्खी गल्ली माझ्या मागे लागली आहे. संक्रांतीच्या तुमच्या समारंभाला पंचवीस मुलं दाखवा, हॉल तुमचा. नाहीतर रविवार रंगपेटीचा." या भाड्यात दुसरा हॉल मिळणे नाही. म्हणजे पंचवीस मुले किंवा वर्ग बंद, असा सरळ मामला होता.

मी यादी उघडली. डोक्यावर एक छोटा चौकोन, त्याच्यापुढे तुझ्याच शब्दांत 'सर्व निवडा'. टिचकी मारली. पडद्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत निळ्या झाल्या. मी समाधानाने निमंत्रण धाडले आणि चहा घेतला. तुझ्या शास्त्रात 'सर्व' म्हणजे 'या पानावर दिसणारे दहा' हे मला कसे कळावे? आमच्याकडे लक्षण, म्हणजे व्याख्या, लक्ष्याला पुरले नाही तर त्या दोषाला अव्याप्ती म्हणतात आणि विद्यार्थ्याला खाली बसवतात. तुमच्याकडे बहुधा पगार देतात.

त्यातून आणखी एक गोष्ट झाली. तू म्हणाली होतीस, नावे अकारविल्हे लावू. मीच नको म्हटले, कारण आमच्या मंडळात कुणाचे नाव कुणाच्या वर छापले यावरून दोन अध्यक्ष बदलले आहेत. म्हणून यादी सभासद झाल्याच्या क्रमाने, जो आधी तो वर. तेव्हा पहिल्या पानावरचे दहा म्हणजे मंडळाचे दहा सर्वांत जुने सभासद. समारंभाच्या रविवारी ते झाडून सगळे आले, वेळेच्या आधी आले, मंकी टोप्या घालून आले. त्यांच्यात वयाने सर्वांत लहान सुलभा ओक, आणि ती मागच्या वर्षी निवृत्त झाली. मुखर्जीबाबू दारात उभे राहून मुले मोजायला आले होते. त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहिले आणि हळूच मला म्हणाले, "मास्टरमशाय, ही मुलं जरा मोठी वाटतात."

मी त्यांना समजावले की आमच्यात तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, म्हणजे अजून एक रविवार शिल्लक आहे. सरस्वतीपूजा तोंडावर आली होती, मंडपाचे बांबू येऊन पडले होते, त्यामुळे त्यांना वाद घालायला वेळ नव्हता. ते हो म्हणाले.

या वेळी मी शहाणा झालो होतो. पहिल्या पानावर सर्व निवडले, दुसऱ्यावर गेलो, तिथे सर्व निवडले, मग तिसऱ्यावर, असे करत शेवटच्या पानापर्यंत पोचलो आणि निमंत्रण धाडले. संध्याकाळी देवयानी क्षीरसागरचा फोन. (ही बँकेत आहे, नागपूरहून डिसेंबरात बदलून आली, म्हणजे क्रमाने आमची सर्वांत नवी सभासद.) तिने चाचरत विचारले, "काका, तिळगुळाला आम्ही आणि शेजारचे असे दोघंच आहोत का? नाही, म्हणजे काय नेसून यायचं ते ठरवायला." तेव्हा कळले की तुझे पान उलटले की मागच्या पानावरच्या खुणा पुसल्या जातात, आणि शेवटच्या पानावर ही दोनच नावे होती. असा विसराळूपणा मी फक्त सातवीच्या वर्गात पाहिला होता.

मग मामी आली. तिला डाळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायची सवय आहे. तिने पडद्याच्या तळाशी कोपऱ्यात 'ओळी १०' असे शोधून काढले, त्यावर टिचकी मारली, 'सर्व' निवडले, आणि अख्खी यादी एका लांबच लांब पानावर उभी राहिली. मी पुन्हा चौकोन टिचकावला. या खेपेला 'सर्व' म्हणजे खरोखरच सर्व निघाले. आमच्या मंडळात कुणाचे नाव काढत नाहीत, फक्त शेवटच्या रकान्यात शेरा मारतात, आणि तो रकाना पडद्याच्या उजवीकडे इतका बाहेर आहे की तो बघायला सियालदह स्टेशनातून गाडी धरावी लागेल. शेरे होते 'बदली', 'बदली', 'बदली', 'दिवंगत'. हा झाला अतिव्याप्तीचा दोष. लक्षण नको तिथेही लागू पडले. दुसऱ्या दिवशी गुवाहाटीहून एकाने राहायची सोय विचारली. जबलपूरहून एका बाईंनी जेवण आहे की नुसता तिळगूळ, हे आधी सांगा म्हटले. मी सगळ्यांना नुसता तिळगूळ सांगितले, त्यावर बहुतेकांनी तब्येतीचे कारण दिले.

पण रविवारी माणसे आली, वृषाली. क्लबाची सरस्वती अजून विसर्जनाला गेली नव्हती, तिच्यापुढे चपलांचा ढीग झाला. जिने भरले. मुखर्जीबाबू वरून पाहत होते, म्हणाले, "मागे नवाबाच्या काळात तुमचे मराठे स्वार एवढ्या संख्येने आले तेव्हा आमच्या बागबाजारला खंदक खणावा लागला होता." मी म्हटले, या वेळी फक्त तिळाच्या वड्या आणल्या आहेत. वडी तोंडात घातल्यावर त्यांना दोहोंत फारसा फरक वाटला नसावा.

मुले पंचविसाच्या वरच होती. मुखर्जीबाबू मोजायला खाली उतरले, घोळक्यात शिरले, कान देऊन ऐकले आणि परत आले. म्हणाले, "ही तर आमच्या गल्लीतलीच मुलं. सगळी बांगला बोलताहेत. तुमची कुठे आहेत?"

मी म्हटले, "हीच. म्हणून तर वर्ग हवा."

यावर ते परत घोळक्याकडे पाहत वडी चावत राहिले. दात गुळात अडकले असतील, पण विचारही करत असावेत. शेवटी म्हणाले, "उद्या सांगतो."

आईला नमस्कार. पाठीचे लिही.

तुझा
श्रीकांतमामा

ता. क. दिवंगतांच्या ओळीत सरलाताई होत्या, शशिकांतरावांच्या पत्नी. त्यांचे निमंत्रण शशिकांतरावांच्याच फोनवर गेले. मी माफी मागायला पुढे झालो, तर ते म्हणाले, तिला बोलावलंत हे बरं केलंत, आणि दोन वड्या उचलल्या. तेव्हा ते नाव यादीतून काढू नकोस. फक्त पुढच्या वेळी निमंत्रण जाऊ देऊ नकोस. किंवा जाऊ दे. तू ठरव.

ता. क. २. मामी म्हणते, खरे लिहा. चौकोन टिचकावला की दर वेळी वर एक पिवळी पट्टी यायची: 'या पानावरचे १० निवडले. यादीतले सर्व निवडायचे?' ती मी दर वेळी फुली मारून बंद केली, कारण पडद्यावर आपणहून आपुलकीने काही विचारले तर उत्तर देऊ नये, असे बँकेने कळवले आहे. तरी पट्टी आणखी मोठी करावी.

ता. क. ३. आत्ताच मुखर्जीबाबू येऊन गेले. हॉल आपल्याला दिला, पुढच्या संक्रांतीपर्यंत. त्यांना क्लबाच्या चारशे सभासदांसाठी दुर्गापूजेच्या भोगाची, म्हणजे प्रसादाच्या जेवणाची, निमंत्रणे धाडायला अगदी असेच पान हवे आहे. माझी भाची ते फुकट करून देईल आणि तिच्या पानात आजवर एकही दोष सापडलेला नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. ते तुला उद्या फोन करतील. दोषांचा विषय निघाला तर कृपा करून खोकला वगैरे काढू नकोस.