एका कॉटपुरती मदत

१६ नोव्हेंबर १९९८
सुट्टीनंतर शाळा उघडली. प्रार्थनेआधीच मुख्याध्यापकांनी संस्थेचं परिपत्रक वाचून दाखवलं. परगावच्या शिक्षकांना खोलीभाड्याची जी मदत मिळायची, ती तिशीच्या आतल्या अविवाहितांना बंद. त्यांना आता मिळणार फक्त एका कॉटपुरती. म्हणजे कुणाबरोबर तरी खोली वाटून घ्यायची. लग्न झालेल्यांना पूर्वीसारखी अख्खी खोली.
ड्रॉइंगचे सर म्हणाले, "कांबळे मॅडम, लग्न करून टाका की. खोली वाचंल." सगळे हसले. मीही हसले. का हसले, कळत नाही.
एकट्या माणसाला दोनच भिंती पुरतात, हा शोध कुणी लावला? (सभेत वापरायचं.)

१८ नोव्हेंबर
शाळा सुटल्यावर कॉट शोधत फिरले. राजारामपुरीत एका बाईंकडे नोकरी करणाऱ्या मुली राहतात. कॉट रिकामी होती, मी डोळ्यांनी पाहिली. वर गादी गुंडाळून ठेवलेली.
"पावणं कुठलं?"
गारगोटीकडचं.
"आडनाव?"
सांगितलं.
"अगंबाई. कालच एकीला शब्द दिलाय की."
आडनाव सांगायच्या आधी खोली असते, नंतर ती कालच गेलेली असते. पुढच्या दारातही तेच, फक्त तिथं आधी विचारलं, "खाण्यापिण्याचं कसं काय?" परिपत्रक लिहिणाऱ्याला वाटतं, कॉट म्हणजे चार पाय आणि एक फळी. कॉट म्हणजे कुणाच्या तरी चुलीशेजारी जागा. ती देणारा आधी माझी जात बघतो, मग मला.
आत्ताची खोली मिळायला वर्ष गेलं होतं. ही गेली तर गारगोटीहून रोज एसटी. म्हणजे संध्याकाळची वाचनालयं बंद, सभा बंद. मी बंद.

१९ नोव्हेंबर
आक्कांना, म्हणजे घरमालकिणीला, अजून काही सांगितलेलं नाही. पण त्यांना कळलेलं दिसतं. आज चहा पाजला. मला स्टीलच्या पेल्यात. जावयाला कपबशीत. दीड वर्ष हे बघत आलेय आणि ही माया की विटाळ, दीड वर्ष ठरवता येत नाही.

२२ नोव्हेंबर
रविवार. आमच्यासारख्या एकट्यांची सभा बागेत घेतली. बोलले. चांगलं बोलले. पाऊण तास, माईक नाही, शेजारी पोरांचं क्रिकेट. "संस्थेनं आमचं वय मोजलं, आमचं लग्न मोजलं, आमची गरज मोजली नाही." टाळ्या. निवेदनावर सही करा म्हटल्यावर टाळ्या वाजवणारे हात खिशात गेले.
घसा पार बसलाय.
शैला शेवटपर्यंत थांबली. खालच्या वर्गांना शिकवते, शाहूवाडीकडची, इथं मामाकडे राहते. मामी जेवताना भांडी आपटते म्हणून तिलाही बाहेर पडायचंय. सभेत एक शब्द बोलली नाही. मात्र कोण कोण आलंय, ते नीट बघत होती. असं मला वाटलं.

२३ नोव्हेंबर
आवाज नाहीच. बोलले तर घोगरा, फाटका. रजा घेतली, शै.कडे निरोप दिला. आक्कांनी हळद घालून दूध आणून दिलं. साडेदहाच्या सुमारास मोरीत धुणं धूत होते, दार वाजलं. हात पुसून येईपर्यंत दारात कोणी नाही. बोळाच्या तोंडाशी एक सफारी घातलेला माणूस वळताना दिसला.

२७ नोव्हेंबर
संस्थेच्या सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं. समोर बसा म्हणाले नाहीत.
म्हणाले, एकटे राहणारे खरंच एकटे आहेत का, हे बघायला संस्थेनं तपासनीस नेमलाय. तो सोमवारी माझ्या खोलीवर आला होता. आतून पुरुषाचा आवाज आला.
मी म्हटलं, "कसला पुरुष?"
"ते तुम्हीच सांगायचं."
शुक्रवारी चार तारखेला समितीसमोर यायचं. समाधान झालं नाही तर मदत तर जाईलच, नोकरीचंही बघावं लागेल. शिक्षिकेची वर्तणूक वगैरे. हे सांगताना त्यांची नजर खिडकीबाहेर.
हजार माणसांपुढे बोलणारी मी, तिथं 'बरं' म्हणून बाहेर आले. घसा तर आता सुटलाय.

२८ नोव्हेंबर
झोप नाही. कुणी सांगितलं? आक्का? खोली रिकामी झाली तर जावयाच्या भावाला देता येईल. ड्रॉइंगचे सर? की शै.? मी सोमवारी घरी आहे, हे शाळेत सगळ्यांत आधी तिला ठाऊक होतं. आणि आमची खोली बोळाच्या आत, गोठ्याच्या मागं. नवख्याला सापडत नाही. शै. एकदा येऊन पिठलं-भाकरी खाऊन गेलीय.
ती दोनदा विचारून गेली, "मॅडम, बरं वाटतंय का?" दोनदा का?

२९ नोव्हेंबर
आक्कांना सरळ विचारलं. भडकल्या.
"मी सांगितलं? मला सांगायचं असतं तर तुझ्या तोंडावर सांगितलं असतं, त्या सफारीवाल्याला कशाला? बाप्या मानूस तुझ्या दारात बघितला असता तर मीच खराटा घिऊन आलो असतो."
"मग त्यानं ऐकलं काय?"
"मला काय ठावं? मी दूध घालायला गेलतो."
खरं असेल. पण जावयाचा भाऊ परवा खोलीकडं बघत उभा होता, हेही खरं.

३० नोव्हेंबर
सकाळी पाणी भरत होते. बाहेर भाजीवाल्यानं हाळी दिली. आतून आक्कांनी ओरडून सांगितलं, "थांब रं, आलो आलो!"
माझ्या हातातली कळशी तशीच राहिली.
त्या दिवशी दार वाजलं तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. "आलो, आलो." घोगऱ्या, फाटक्या आवाजात. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात. मी आलो, मी जातो, मी जेवलो. आई तशीच बोलते, मीही. लिहिताना आणि भाषणात 'आले', घरात 'आलो'. शाळेनं मला एक जीभ दिली, पण दुसरी काढून घेतली नाही.
शै.ला विचारलं, तपासनीस कुठला? वऱ्हाडाकडचा, म्हणाली. गेल्याच महिन्यात आला.
तिला हे कसं ठाऊक?

४ डिसेंबर
समिती. सेक्रेटरी, आणखी दोघे, तपासनीस. आक्का स्वतःहून आल्या, नव्या लुगड्यात. बोलवलं नव्हतं.
मी सांगितलं. तपासनिसाला पटेना. "बाईमाणूस 'आलो' म्हणते?"
आक्का म्हणाल्या, "मग काय म्हनायचं?"
"आले म्हणायचं."
"त्ये शाळंत. घरात आलो. माझी आई म्हनायची, माझी ल्येक म्हनते. तुमच्या हिशोबानं आमच्या गल्लीत समदे बापयेच हायत व्हय?"
समितीतले एक गृहस्थ कोल्हापूरचेच. ते मोठ्यानं हसले, म्हणाले, आमची मंडळीही असंच बोलते. तपासनीस खजील झाला. वाईट माणूस नसावा. म्हणाला, आवाज खरंच जाडा होता हो.
सुटले, असं वाटलं. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "छान. म्हणजे खोलीत दुसरं कोणीच नाही. तुम्ही एकट्याच. मग नियमाप्रमाणे तुम्हाला एका कॉटपुरती."
पुरुष असता तर मी वाईट चालीची. नाही, तर मी अर्ध्या खोलीची. एकटी बाई दोन्हीकडून त्यांच्या हातात. हे मी तिथंच बोलले, मोठ्यानं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून लागू."
येताना रिक्षात आक्कांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाल्या, "अर्धं भाडं घिऊन मला परवडंना बग." खरं बोलल्या. त्याचा राग येऊ नये. आला.

६ डिसेंबर
सकाळी अभिवादनाला गेले. भाषण करा म्हणाले, नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
दुपारी शै. आली. म्हणाली, "मॅडम, मला घ्या की तुमच्या खोलीत. दोघींची दोन कॉटची मदत, खोली वाचते."
सोपं होतं. इतकं सोपं की ती हे कधीपासून धरून बसलीय, असं मनात आलं. माझी खोली अर्धी झाली तरच तिला अर्धी मिळणार होती.
म्हटलं, तुझ्या घरचे? माझ्या चुलीवर जेवशील?
"पिठलं खाल्लं तवा विचारलं न्हाई, आता कशाला इचारताय?"

७ डिसेंबर
आक्कांना शै. चालते. लगेच चालते. आडनाव ऐकून तर जास्तच. "चांगल्या घरची दिसती," म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "तशी तू बी." हे 'तशी' मी दिवसभर चघळलं.

९ डिसेंबर
मधल्या सुट्टीत शै.ला सरळ विचारलं. तपासनिसाला माझं घर कुणी दाखवलं?
तिनं डबा बंद केला. "मी दाखवलं. ऑफिसात येऊन पत्ता विचारला त्यांनी. कुठली गल्ली, कुठला बोळ, समदं सांगितलं. लपवायचं काय होतं मॅडम? तुम्ही आजारी घरात. मला वाटलं, बघतील, एकट्याच हायत म्हनून लिहितील, संपलं."
"मग आजवर बोलली का नाहीस?"
"तुम्ही ज्या नजरंनं बघत होता, त्यात कसं बोलायचं?"
तिचे डोळे भरले. सभांमध्ये मी कितीतरी डोळे भरलेले पाहिलेत, खरे आणि खोटे. कोणते खरे, ते भरवशानं सांगू शकते असं वाटायचं.
नियम केला त्यांनी, आणि संशय मी शैलावर घेत बसलेय. हेही कळतं. तरी संशय जात नाही.

१० डिसेंबर
पश्चिमेकडच्या भिंतीची पुस्तकं उचलून खिडकीखाली रचली. एक कॉट बसेल एवढी जागा निघाली. जमिनीवर पुस्तकांचा चौकोनी डाग राहिलाय, पुसून जात नाही.
शै. उद्या विचारायला येईल. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या अजून माझ्याच पर्समध्ये आहेत.