मी तर नुसतं नाव घेतलं

रवि., १९ जाने., नांदेड
बाबांचं चॅनलवरचं लाइव्ह छान चाललं होतं. मुखेडच्या बाजारातला सुटलेला बैल बांगड्यांच्या पालासमोर जाऊन कसा शांत उभा राहिला, ती गोष्ट. लोक हसत होते, मीही. शेवटी नेहमीसारखी बघणाऱ्यांची नावं. ज्यांनी लिहिलं होतं त्यांची वाचून झाली तरी बाबा थांबेनात. आईचं घेतलं, समोरच्या चाचांचं घेतलं. मग, "आणि आमच्या वरच्या खोलीतली अर्चना, शिरूर अनंतपाळची सून, तिलाबी हा कार्यक्रम लई आवडतो."

मी कॅमेऱ्यामागून हात हलवले. त्यांना वाटलं वेळ संपली. नमस्कार केला त्यांनी.

अर्चनाताई इथं आहे हे सासरी माहीत नाही. नवरा हात उचलायचा, म्हणून निघून आली. पुण्याला मावशीकडे आहे असं सांगून ठेवलंय. लॅबचा कोर्स करतेय. मार्चमध्ये परीक्षा, मग नोकरी. तोवर तिला इथं निवांत राहता यावं, एवढंच आम्ही तिघांनी कबूल केलं होतं. बाबांनीही.

व्हिडिओ काढून टाकला. पण त्याआधी खाली एक ओळ आलेली होती: "ही आमच्या गल्लीतली सून. आमाला तर पुण्याला गेली म्हनले."

सोम., २०
सकाळी बाबांना सांगितलं. चहा खाली ठेवला त्यांनी.
"मी कुनाला सांगितलं? मी तर नुसतं नाव घेतलं."
खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ते मुखेडच्या एसटी डेपोत होते तेव्हा रेडिओला फर्माइशीची कार्डं पाठवायचे. गाणं कोणतं याला फार महत्त्व नसे. कार्डावर गल्लीतली सगळी नावं हवीत: पाळण्यातलं मूल, नांदायला गेलेली मुलगी, भांडण असलेला शेजारीसुद्धा. एखादं राहिलं तर तो माणूस महिनाभर तोंड फिरवायचा. विचारायचं कुणाला काय? नाव घेणं म्हणजे मान देणं. मी शाळेत जायच्या आधी अक्षरं गिरवली ती त्याच कार्डांवरची. र बाबांनी शिकवला, ळ आईनं. म्हणून मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

मंगळ., २१
अर्चनाताईला मीच सांगितलं. पायऱ्यांवर बसून. ती आधी हसली.
"काकांनी माझं नाव घेतलं? कसं घेतलं?"
सांगितलं. "सून म्हणले व्हय," एवढंच म्हणाली. मग दाराची कडी बघितली, वरची आणि खालची.

बुध., २२
डोक्यात तेच. रेडिओही गावोगाव ऐकू जायचा, आमच्या चॅनलपेक्षा किती तरी जास्त लोकांना. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. का?

तेव्हा ऐकणाऱ्याला तोंड नव्हतं. नाव कानावरून गेलं की गेलं. पुन्हा ऐकायची सोय नाही, कुणाला दाखवायची नाही. शिरूरच्या माणसानं ऐकलंच तर मुखेडच्या माणसाला विचारायला त्याला एसटीनं यावं लागलं असतं. इथं बघणारे एकमेकांशी बोलतात, आमच्या समोर आणि आमच्या मागे. आपण बोलून उठतो, ते बसलेलेच असतात.

पण हेच लोक बाबांना आवडतात. रेडिओनं त्यांना कधी उत्तर दिलं नव्हतं. इथं मुखेड सोडून गेलेली माणसं लिहितात, काका आमचीबी गल्ली सांगा. रिटायर झाल्यावर वर्षभर ते कुणाशी बोलत नव्हते. ते आठवलं की चॅनल बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही.

गुरु., २३
मी व्हिडिओ काढून टाकल्यानं काही झालं नाही. तेवढा तुकडा कुणीतरी आधीच उचलला होता. शिरूरच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरतोय, हसण्याची चित्रं लावून. अर्चनाताईच्या आईचा फोन: नवरा दारात येऊन गेला. "नांदेडात कुठं?" एवढंच विचारत होता. तिच्या आईनं सांगितलं, मला ठाऊक न्हाई.
पोलिसात अर्ज देऊ म्हटलं. अर्चनाताई म्हणते, "दिला की पत्ता कागदावर येतो. परीक्षा होऊ दे."
हॉस्टेलचं विचारून आली. मार्चपर्यंत जागा नाही.

शनि., २५
बाबांनी जाहीर केलं, उद्या लाइव्हमध्ये माफी मागणार.
"काय म्हणणार?"
"अर्चना आमच्याकडं राहत न्हाई, चुकून नाव आलं म्हणून सांगतो."
आई लसूण सोलत होती. म्हणाली, "सांगा की. ज्याला माहीत नव्हतं त्यालाबी कळल. दवंडीच द्या, हलगी घेऊन."
बाबा हसले नाहीत. "रेडिओवाले पुढच्या आठवड्यात दुरुस्ती सांगायचे."
"हा रेडिओ न्हाई, बाबा."
"मग काय हाय?" खरंच विचारत होते.

दुपारी ते वर गेले. अर्चनाताईच्या दाराबाहेर उभे राहिले, आत गेले नाहीत. "पोरी, मला कळलं न्हाई." ती म्हणाली, "काका, कार्यक्रम बंद करू नका. एकदम बंद झाला तर त्यांना खात्रीच पटल." हे मला सुचलं नव्हतं.

रवि., २६ जाने.
कार्यक्रम केला. विषय डेपो: पहाटेच्या गाडीला धक्का मारणारे प्रवासी. नावं घ्यायची नाहीत असं ठरलेलं. लोक लिहायला लागले, "काका आज आमचं नाव?", "काका रुसले का?" बाबा वाचायचे, गिळायचे, पुढं बोलायचे. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग एक ओळ आली. फोटो नाही, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे.
"काका, अर्चना कशी हाय?"

तिची मैत्रीण असेल. बहीण असेल. तो असेल.

बाबांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. जन्मात कुणी खुशाली विचारली आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं झालेलं नाही. मी मान हलवली, नाही. बाबा गाडीला धक्का मारत राहिले, पण गाडी कुठं निघाली होती ते विसरले. ओळ पुढच्या ओळींबरोबर वर सरकून गेली.

वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तीही बघत होती.