विहिरीचं वावर आणि गाडीचं रबर

कळसाडी, १७ फेब्रु. १९६३
मामा येऊन गेले. ठरलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वाटणी. रीत जुनीच: थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे पाडणार मी, उचलणार र.

र. म्हणजे आमचे धाकटे बंधुराज रमणशेठ. रोज पुरं नाव लिहायला माझी शाई वर आलेली नाही. धुळ्याला चार वर्षं कॉलेजात राहून काळा चष्मा आणि तिरपा भांग एवढं शिकून आला. विहिरीचं वावर कुठल्या अंगाला म्हणून विचारलं तर आधी सूर्य बघेल.

१९ फेब्रु.
वाटे पाडले. एकात विहिरीचं वावर, उभ्या केळीसकट, अवजारांसकट. दुसऱ्यात नाल्यापलीकडचं कोरडवाहू, नवी बैलजोडी आणि बाबांची मोटार. किमतीला सारखे. मामांनी मान डोलावली.

ती विहीर मी बाबांबरोबर खोदली. सुरुंगाचा दगड कपाळाला लागला, त्याची खूण आहे. ती गेली तर मी काय, गाडीत बसून हॉर्न वाजवू? र.ने गाडीच उचलायला हवी. उचलेल. चकाकतं दिसलं की त्याचं डोकं चालत नाही. आधी तरी कुठे चालतं म्हणा.

अडचण एकच. बाबा गेल्यापासून गाडी निंबाखाली पडलेली. पत्रा पुसला की लखलखतो. पण रबर! फूटबोर्डावरचं, खिडक्यांच्या कडांचं, बंपरची पट्टी, सगळं चुलीतल्या राखेसारखं पांढरं. ही म्हातारी तो कशाला उचलतोय?

३ मार्च
शहाद्याचा मिस्त्री. खिशात तीन पेनं, लिहिता एक अक्षर येत नाही. "राकेल मारा आप्पा, आरसा व्हई जाई!" मारलं. संध्याकाळपर्यंत काळंभोर. सकाळी पाहतो तो आधीपेक्षा पांढरं, वर फुगलेलं आणि चिकट. पुन्हा गेलो तर म्हणे, राकेलमध्येच भेसळ असेल. उंटावरचा शहाणा!

११ मार्च
बुटाचं पॉलिश. दिसायला झकास. मामांना हौसेने फेरी मारून आणलं. उतरले तर धोतराची मागची बाजू कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी. मामा माझं धोतर नेसून घरी गेले.

र. ओसरीवर उभा राहून बघत होता. "दादा, किती मरी ऱ्हायना तू तिन्हामागे!" डोळे गाडीवर. मासा गळाकडे वळला.

२४ मार्च
एरंडेल आणि काजळी. काळं होतं, टिकतं, पण धूळ अशी धरतं की दुपारपर्यंत फूटबोर्डावर हरभरा पेरावा.

घरची म्हणाली, "इतलं मन्हाकडे कधी देखं का?" हिला वाटणीतलं काय कळणार. तिच्या टाचांना भेगा आहेत हे मात्र आज दिसलं. एरंडेल उरलंय, देईन.

६ एप्रिल
जमलं! रिठ्याच्या पाण्याने धुवायचं, सावलीत सुकवायचं. मग दवाखान्यातल्या कंपाउंडरकडचं ग्लिसरीन, त्यात चिमूटभर दिव्याची काजळी. बोटाने चोळायचं, मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. हाताला लागत नाही, धूळ धरत नाही. स्टिअरिंगचं चाकही तसंच केलं. बाबा धरायचे तिथे अंगठ्यांचे दोन खळगे आहेत. तिथे जरा जास्त वेळ गेला.

कंपाउंडर विचारतो, कोणाला भाजलं? म्हटलं, अजून कोणाला नाही.

१४ एप्रिल
गाडी शहाद्याच्या बाजारातून फिरवून आणली. लोक वळून बघतात. चार-चार एकरांचे मालक, पण एका काळ्या रबरावर जीभ बाहेर. मूर्खांचा बाजार! परत येताना उगाच एक वळसा जास्त घातला.

१८ एप्रिल
र. धुळ्याला जाऊन आला. माझ्यासाठी मऊ पिवळं फडकं आणलं. "गाडी पुसाले चांगलं शे, दादा." स्वतःच्या गाडीची आतापासून काळजी. लागला गळाला! विहिरीवर जाऊन पाय पाटाच्या पाण्यात सोडून बसलो बराच वेळ.

२६ एप्रिल, आखाजी
मामा, माहेरी आलेली ताई, सगळे ओसरीवर. दोन्ही वाटे मी मोठ्याने सांगितले. गाडी मुद्दाम समोर उन्हात उभी. रबर असं काळं की बघत राहावं.

र. उठला. चष्मा काढला. "दादा, दोन महिना तू हात काया करात तिन्हासाठे. बाबानी गाडी तुन्हापासून मी कशी लेऊ? माले विहीरनं वावर चाली."

ताई रडायला लागली. मामा म्हणाले, "भाऊ असावा तर असा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय म्हणून बोलणार? गाडी नको होती, तुला फसवायला घासत होतो, म्हणून?

मान डोलावली. गाडी उन्हातून काढून निंबाखाली लावली.

२७ एप्रिल
गाढव समजत होतो तो लांडगा निघाला. चार वर्षं धुळ्याला हेच शिकला असणार. फडकं! फडकं आणून दिलं मला हरामखोराने!

किंवा खरंच गाढव आहे. खरंच त्याला वाटलं की माझा जीव गाडीत आहे. फसवलं असेल तर बरं, शिव्या तरी देता येतील. फसवलं नसेल तर उद्या त्याला तोंड कसं दाखवू?

२९ एप्रिल
र. आला. फूटबोर्डावर एक पाय ठेवून उभा. पांढरी विजार, एक डाग पडला नाही. माल पक्का केलाय मी.

"दादा, माले केळीनं काहीच समजत नही. तूच कर ना वावर, निम्मा बटाईवर. उद्या सांग."

बटाईवर. मी. माझ्याच विहिरीवर निम्म्या पिकाचा वाटेकरी. तोंड पाहिलं त्याचं नीट. चष्मा नव्हता. तरी काही कळलं नाही. "बघतो," म्हटलं.

केळीला तीन दिवस पाणी नाही. इथून दिसतं, पानं लोंबली आहेत. बाराच्या उन्हात उठलो. घरचीला विचारलं, फावडं कुठे ठेवलंस?

"ते बी त्यासना वाटामा गयं," म्हणाली.