स्पगेटीचा चेक

टॅमरॅक लेक, विस्कॉन्सिन
२१ ऑक्टोबर

प्रिय ड्वेन,

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे मजेत आहोत असं आधी लिहायची पद्धत आहे, तेव्हा लिहिलं असं समज. सफरचंदं यंदा उदंड आली. शाळेच्या स्वयंपाकघरातलं माझं काम चालू आहे, आणि पोरं अजून वाटाणे बाकाखाली टाकतात. तुझा मेहुणा आर्विड खिडकीशी बसून रेडिओवर फुटबॉल ऐकतो.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येऊ का आणि येताना काय आणू, असं विचारलंयस. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी मला मनातली मळमळ बाहेर काढू दे.

मार्चमधलं ते जेवण आठवतं ना? अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आर्विडच्या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधाचे पैसे जमवायला अख्ख्या गावाने स्पगेटी रांधून विकली होती. तूही आला होतास, दोन ताटं हाणलीस. डिडक्टिबल म्हणजे काय हे विमा कंपनीत काम करणाऱ्या तुला मी काय शिकवणार! वर्षाचे पहिले चार हजार डॉलर आम्ही भरायचे आणि मग पुढचं औषध तुमची कंपनी देणार, एवढंच मला कळत होतं. इंजेक्शनांचा एका महिन्याचा डबाच तेवढ्याला. म्हणजे एक डबा गावाने घेऊन दिला की वर्षभराची काळजी मिटली.

चेक आमच्या हातात दिला नाही, थेट औषधवाल्या हाउप्टच्या नावाने काढला. गावाची तशी रीतच झालीय. मागे एकाच्या ऑपरेशनसाठी असंच जेवण झालं आणि त्या बहाद्दराने त्या पैशांतून बर्फावर पळवायची गाडी घेतली. तेव्हापासून पैसे घरच्यांकडे द्यायचेच नाहीत. मला तर त्यात मोठा मान वाटला. बोट दाखवायला कुणाला जागा नको.

पुढच्या महिन्यात डबा आणायला गेले, तर हाउप्ट मान खाली घालून म्हणाला, "मार्लिस, पूर्ण किंमत मागतायत गं." कंपनीला फोन केला. तिथली बाई लाडिक आवाजात म्हणाली, "मॅडम, ते पैसे पेशंटने भरलेले नाहीत, दुसऱ्यांनी भरलेत. ते तुमच्या डिडक्टिबलमध्ये धरता येत नाहीत." म्हणजे तेच पैसे माझ्या पर्समधून काउंटरवर ठेवले असते तर चालले असते! तक्रार केली, तीही फेटाळली. डबा तोच, इंजेक्शनं त्याच माणसाच्या मांडीत गेली, डॉलरही खरेच होते. शिसारी येते रे मला.

मग तुला फोन केला. तू कागद बघतो म्हणाला नाहीस, कुणाला विचारतो म्हणाला नाहीस. लगेच म्हणालास, "ताई, तसा चेक धरतच नाहीत. मला तेव्हाच शंका आली होती."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"हॉलमध्येच, चेक दिला तेव्हा. पण सगळे टाळ्या वाजवत होते गं. तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं."

टाळ्या तूही वाजवत होतास, ड्वेन. मी तुझ्या शेजारी उभी होते.

आर्विडने इंजेक्शनं बंद केली. "लोकांना किती वेळा स्पगेटी खायला लावू?" म्हणाला. मी भांडले, ट्रक विकू म्हटलं, पण ऐकेना. ऑगस्टमध्ये अंगणात पडला. दुखण्याचा झटका आला होता, डावा पाय लुळा पडला. तुला मी फोनवर "जरा अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं होतं. तो खिडकीशी बसतो असं वर लिहिलंय ना, ते चाकाच्या खुर्चीत.

आता गंमत ऐक. हॉस्पिटलचं बिल ट्रक विकून मी माझ्या हाताने भरलं. ते मात्र झटकन धरलं तुमच्या लोकांनी! डिडक्टिबल एका दिवसात पूर्ण. आता औषधाचा डबा दर महिन्याला फुकट दारात येतो. डॉक्टर म्हणतात, पुढचा झटका कदाचित टळेल, पण गेलेला पाय परत यायचा नाही.

कोणी भेटायला आलं की आर्विड सांगतो, "ड्वेनला ठाऊक असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं. सरळ पोरगा आहे तो." मी आत जाऊन भांडी घासते. कंपनीची किळस मला येतेच, पण तुझ्या त्या टाळ्यांची जास्त येते. आणि आर्विडसमोर मी तुझी अब्रू झाकत बसते, त्याचीही येते.

तेव्हा ये. आणू काही नकोस. टर्की कापायच्या आधी आर्विडसमोर बस आणि त्याला तुझ्या तोंडाने सांग. तेवढं जमणार नसेल तर तिकडेच जेव.

आर्विडची बायको,
मार्लिस