शटर पाडणाऱ्याचे नाव मिळण्याबाबत

दिनांक : २ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
शहरी गोदाम सुरक्षा कक्ष,
परळ, मुंबई.

विषय : 'दारपोच रिटेल लिमिटेड' या कंपनीच्या लालबाग येथील गोदामात झालेला माझ्या आईचा मृत्यू, अहवालातील निष्कर्ष मागे घेणे व शटर पाडणाऱ्या व्यक्तीचे नाव निश्चित करणे.

संदर्भ : आपल्या कक्षाचा प्राथमिक अहवाल, दि. १२ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. मी कै. कालिंदी आनंदा घाडीगावकर यांची मुलगी. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर पूर्वी दगडूशेठचे किराणा दुकान होते. आता तेथे वरील कंपनीचे गोदाम आहे. तेथून काही मिनिटांत घरोघरी माल जातो आणि मागच्या खोलीत स्कूटरच्या बॅटऱ्या चार्ज होतात. त्या खोलीच्या वर माणसे राहतात. याबद्दल चाळीने कंपनीला दोनदा लेखी कळवले होते. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असा एकच मेसेज आला.

२. दि. १९ जून रोजी दुपारी एका बॅटरीने पेट घेतला. माल पोचवणारे धनेश हे त्या वेळी एकटेच आत होते. धूर होताच गोदामाचे मोटारवर चालणारे शटर खाली येऊ लागले. ते दुसऱ्या शहरातील नियंत्रण कक्षातून चालवले जाते. ते का पाडले, याचे कारण कंपनीने आपल्याला लेखी दिले आहे : 'मालाच्या सुरक्षेसाठी.' आत माणूस होता हे तेथील कॅमेऱ्यात दिसत होते.

३. माझी आई नळावरून परत येत होती. धनेशची हाक ऐकून ती धावली आणि तिने खाली येणाऱ्या शटरखाली उजवा हात घातला. हे तिने का केले, हे आपल्या अहवालात नाही, म्हणून लिहिते. दगडूशेठ दुकान बंद करायला लागले की उशिरा आलेले गिऱ्हाईक शटरखाली हात घालत असे. आत शेठ करवादत, "हात तुटेल ना गे बाय, काय हवं ते बोल," आणि शटर वर घेत. आमच्या चाळीतली प्रत्येक बाई आणि प्रत्येक पोर हे करत आले आहे. हात घातला की शटर थांबते, कारण पलीकडे कोणीतरी असते, एवढेच आईला माहीत होते.

४. शटर थांबले नाही. ते तिच्या कोपराच्या वर येऊन रुतले आणि मोटार दाब देत राहिली. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या गॅलरीपर्यंत गेला. मंडळाच्या मुलांनी मांडवाचे वासे आणि पहारी आणून शटर उचकटायला घेतले. ते वर यायच्या आत बॅटऱ्या एकामागून एक फुटल्या. आईला मागे सरता येत नव्हते. आग फटीतून बाहेर आली, ती तिच्या चेहऱ्यावर. मी कामावरून पोचले तेव्हा तिच्यावर चादर घातलेली होती आणि हात अजून शटरखालीच होता. मुलांनी शटरचे दुसरे टोक उचकटून धनेशना बाहेर ओढले; ते भाजले, पण वाचले. त्यांचा जबाब सोबत जोडला आहे. त्यात ते म्हणतात, "काकूंचा हात मधी होता म्हणून फट राहिली. त्या फटीला तोंड लावून मी श्वास घेतला, साहेब."

५. आपल्या अहवालाचा निष्कर्ष असा : 'मयत महिलेने स्वतःहून शटरखाली हात घातला, सबब कंपनीचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही.' यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. दुसरे त्यातून निघते कसे, हे मी पुष्कळ वेळा वाचूनही मला समजले नाही, आणि मी मुद्रितशोधक आहे, वाचणे हाच माझा व्यवसाय आहे.

६. सुनावणीत कंपनीचे प्रतिनिधी श्री. विक्रांत म्हणाले, "मॅडम, तो सिस्टीमचा डिसिजन होता. कोणा माणसाने बटण दाबलेलं नाही." त्यावर आमच्या शेजारीण सुंदराबाई उठून म्हणाल्या, "मगे ती तुमची सिस्टीम खंय रवता? पत्तो दी, मी जावन येतंय." सगळे हसले. आपणही हसलात. सिस्टीम राहते कुठे, हा त्यांचा प्रश्न कार्यवृत्तात घेतलेला नाही. माझी विनंती आहे की तो घ्यावा आणि कंपनीकडून उत्तर मागवावे.

७. तसेच, राहत्या घरांखाली बॅटऱ्या चार्ज करण्यास बंदी करावी. ज्या कंपनीचे दार परगावाहून बंद होते, तिचा या शहरात एक माणूस असावा. त्याला ते दार उघडता यावे आणि पोलिसांना त्याला अटकही करता यावी. शटर सुरक्षित आहे असे कंपनीचे अजूनही म्हणणे असेल, तर आपल्यासमक्ष चाचणी घ्यावी : मोटार चालू करून कंपनीच्या संचालकांनी आपला उजवा हात कोपरापर्यंत खाली घालावा. हे मी रागाच्या भरात लिहिलेले नाही. चार वेळा खोडून पाचव्यांदा ठेवले आहे.

८. आपल्या अहवालानंतर कंपनीने त्याच जागी नवे शटर बसवले आणि गोदाम पुन्हा सुरू होणार असा फलक लावला. रविवारी सकाळी मी ते शटर भाड्याने आणलेल्या ग्राइंडरने कापले. चाळीतल्या कोणाचाही त्यात हात नाही. मला ते काम येत नव्हते. डाव्या तळव्याला टाके पडले आहेत. अर्धे कापून झाल्यावर शटरच्या वर लावलेल्या स्पीकरमधून एका पुरुषाचा आवाज आला, "ओ निळ्या ड्रेसवाल्या मॅडम, हाताला लागलंय तुमच्या. लांब व्हा." म्हणजे त्या नियंत्रण कक्षात माणूस बसतो. त्याला रस्ता दिसतो, रक्त दिसते आणि बोलताही येते. मी मशीन बंद करून त्याला विचारले, "१९ जूनला तुम्हीच होतात का? नाव काय तुमचं?" स्पीकर बंद झाला. मी उरलेले शटर कापले.

कंपनीने माझ्याविरुद्ध तक्रार केल्यास नुकसान कोणी केले याचा शोध घ्यावा लागणार नाही. ते मी केले. त्या आवाजाचे नाव आपण शोधावे. माझे खाली आहे.

उत्तर समक्ष घेण्यास रोज येणारी,

(सही)
अनुजा आनंदा घाडीगावकर
खोली क्र. १७, दुसरा मजला, गोदामाच्या वर,
लालबाग, मुंबई.

सोबत :
धनेश यांचा जबाब.
शवविच्छेदन अहवालाची प्रत.
कापलेल्या शटरची एक पट्टी. कडा धारदार आहेत. कागद जपून सोडावा.