धुऱ्यावरून ऐकलेलं गाणं

मूल, ७ जुलै

चि. सौ. गोकुळा हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझा फोन आला, पण तू काय बोललीस ते माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तुझ्या वहिनीनं माझ्या वतीनं हो हो केलं. मी कशाकशाला होकार दिला ते अजून कळायचं आहे. तेव्हा यापुढे पत्रच लिहीत जा.

मयुरीनं घुग्घुसहून येऊन मला चंद्रपूरला नेलं आणि कानाची मशीन घेऊन दिली. लेकीचं मन कसं मोडायचं? माणसं बोलतात ते थोडंफार कळतं, कुकरची शिट्टी तर सुरेख ऐकू येते. पण गाणं लावलं की कोणी पत्र्यावर चमचे ओतल्यासारखं वाटतं. माझंच आवडतं गाणं मला ओळखू येत नाही.

बाबा तलावात जाळं टाकायचे तेव्हा आपण काठच्या पाळीवर रेडिओ घेऊन बसायचो, आठवतं? जे लागेल ते ऐकायचं, आवडलं-नावडलं म्हणायची सोयच नव्हती. मग मास्तरकीच्या पगारातून टेप घेतला आणि एकच गाणं मागे ओढून ओढून ऐकायची खोड लागली. पुढे मोबाइल आला, सगळी गाणी खिशात आली, तशी अर्धं ऐकून पुढचं लावायची सवय जडली. ऐकणं बदललं, पण गाण्याशिवाय मी कधी कथा लिहिली नाही. आधी सूर लागायचा, मग वाक्य सुचायचं. आता घर शांत आहे आणि कागद कोरा आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना यंदा कथा नाही असं कळवणार आहे. यंदा म्हणजे कायमचंच, पण त्यांना एकदम कसं सांगू?

टेप आणि कॅसेटची पेटी तुझ्या सूरजला देऊन टाकतो. तुमच्याकडे धानाच्या लावणीचा रोवणा लागला असेल. मला बोलावू नको. बायका गाणार आणि मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर खांबासारखा उभा राहणार, हे मला सोसायचं नाही.

सूरजला, सूनबाईला आशीर्वाद. माझ्यावरची तुझी माया आटू देऊ नको.

तुझा दादा,
मनसाराम


आरमोरी, १५ जुलै

ती. दादास गोकुळाचा पाया पडून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं आणि रागही आला. टेप आणि पेटी अजिबात पाठवू नको. वहिनीनं तुझ्या नावानं कशाला हो म्हटलं ते सांगते: रोवण्याला येतो म्हणून. आता बघ, घरात कुणाला खोटं पाडायचं ते.

इकडची गंमत ऐक, म्हणजे वाच. सूरजनं ब्लूटूथचा डब्बा आणला. म्हणे, आई, काऊन घसा फोडून राह्यली, हा डब्बा गाते ना. धुऱ्यावर डब्बा ठेवून त्यानं वरातीतली डीजेची गाणी लावली. पोरींचे हात असे चालले की विचारू नको! शेतातली अख्खी बांधी दुपारच्या जेवणाआधी उरकली. सूरज मिशीत हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर आदल्या दिवशी रोवलेले निम्मे पऱ्हे मुळांसकट पाण्यावर तरंगत होते. ठेक्याच्या नादात बोटं चिखलात खोल गेलीच नव्हती, नुसती टेकवली आणि पुढे. म्हातारी सोमारी सूरजला म्हणाली, बापू, आता याइले पोहाले शिकव. आपल्या आईच्या रोवण्याच्या गाण्यात ओळीच्या शेवटी सूर लांबतो ना, तेवढ्यात पऱ्हा चिखलात नीट बसतो. लहानपणी आईच्या मागे ते गाणं कितीदा गायले, पण हे आत्ता ध्यानात आलं.

उरलेल्या बांध्या आईच्या गाण्यावरच रोवायच्या आहेत. पण दादा, पहिल्या दोन ओळींपुढचं मला आठवत नाही. सोमारीलाही नाही, आणि पोरींनी तर ते ऐकलेलंच नाही. तुला पाठ असेल. लिहून पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये. तलावाखालची बांधी महिनाअखेरच्या सोमवारी आहे.

सूनबाई पुनमचा नमस्कार. माझ्या रागावर जाऊ नको, लोभ आहे म्हणूनच तो येतो.

तुझी गोकुळा


मूल, २० जुलै

चि. सौ. गोकुळास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की मलाही ऐकू आलं. घाई केली की कामाची माती होते म्हणतात. सूरजच्या पऱ्ह्यांना तर मातीही लागली नाही.

आईचं गाणं घे:

पाण्यामंदी पाय माहे, हातामंदी धान,
माहेराच्या वाटेकडं लागलं वं मन.
भाऊ माहा येते वं बाई, धुऱ्याधुऱ्यानं,
त्याले बसाले टाका वं मोहाची पानं.

चाल डोक्यात आहे, पण मुकी आहे. माझी वाट पाहू नका. वहिनीनं दिलेला होकार वहिनीनंच निभवावा, तिला पाठवतो. सर्वांना आशीर्वाद, आणि न येणाऱ्या भावावरही थोडा जीव राहू दे.

मनसाराम


आरमोरी, ३० जुलै

ती. दादास नमस्कार.

दादा, हे तू काय केलंस? वहिनी एकटीच आली असं समजून मी बांधीत उतरले. मध्येच मान वर केली तर धुऱ्यावर काळी छत्री आणि छत्रीखाली तू! जीव हरखून गेला. चिखलातून पाय काढून वर येईपर्यंत छत्री रस्त्याला लागलेली. वहिनीला विचारलं तर ती म्हणे, मले काई सांगतलं नाई त्याइनं, मी इथी उभी आन् हे एसटीकडे धावले. तुझ्यासाठी झिंग्याची भाजी करून मोहाच्या झाडाखाली डबा ठेवला होता. पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

मी बोलवायलाच नको होतं. जे तुला ऐकू येत नाही ते तुझ्यासमोर गात बसले. त्यात पोरी लाजत होत्या, त्यांना शब्दही धड येत नव्हते. मी एकटीच गात होते. मागे कोणी गुणगुणलं की नाही तेही मला कळलं नाही. रात्रभर तुझी पाठमोरी छत्री डोळ्यांपुढून हलली नाही. पुन्हा कधी आग्रह करणार नाही. रागावला नाहीस एवढी एक ओळ तरी लिही. दुसरं काही मागत नाही.

तुझी गोकुळा


मूल, ४ ऑगस्ट

चि. सौ. गोकुळास अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही गं वेडे! झिंग्याची भाजी सुटली याचं दुःख मात्र खरं आहे.

त्या सकाळी तुझी वहिनी बॅग घेऊन निघाली आणि मला घरात राहवेना. मागच्या एसटीनं धुऱ्यावर आलो, मशीन काढून खिशात टाकली. तुम्ही सगळ्या वाकलेल्या, पाठीवर प्लॅस्टिक. तोंडं दिसत नव्हती, फक्त हात दिसत होते. सगळे भराभर चाललेले, अजून त्या डब्ब्याच्याच चालीवर. त्यात एक हात निराळा होता. खाली जायचा, थांबायचा, मग सावकाश वर यायचा. मी म्हटलं, ही गोकुळा, आणि ही आईचं गाणं गाते आहे.

मग तुझ्या शेजारचा हात तसाच चालू लागला, तो सोमारीचा असावा. मग पुनमचा. मग एकेक करत सगळी ओळ. तू एकटीच गात होतीस म्हणतेस. तोंडांचं मला माहीत नाही, पण हात सगळे गात होते. आणि गोकुळा, मला गाणं ऐकू आलं. कुठून ते विचारू नको. आईच्या आवाजात, लांबवलेल्या सुरासकट आलं. रेडिओवर, टेपवर, मोबाइलवर, कशावरही मी इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं.

पाठोपाठ वाक्य सुचलं. खिशात मशीन होती, पेन नव्हता. कोणाशी एक शब्द बोललो असतो तर वाक्य हातचं गेलं असतं, म्हणून पळालो. एसटीत कंडक्टरकडून पेन मागून तिकिटाच्या पाठीवर ते लिहिलं. घरी येऊन कथा पुरी केली. काल संपादकांकडे गेली. यंदा नाही म्हणून लिहिलेलं पत्र टाकायचंच राहिलं होतं, तेवढा माझा आळस कामी आला.

डब्ब्यासाठी सूरजला रागावू नको. धान कापून झालं की खुशाल वाजवू दे. पुढच्या रोवण्याला पेन घेऊन येईन आणि जेवल्याशिवाय हलणार नाही. तोवर बहिणीचं प्रेम आहे तसंच असू दे.

तुझा दादा,
मनसाराम

ता. क. भाऊ धुऱ्याधुऱ्यानं येतो, त्या ओळीच्या शेवटी सगळ्यांचे हात वर आले आणि तुझा तेवढा पाण्यातच राहिला. मग तू मान वर केलीस. तुझा आवाज तिथं फुटला होता ना? मी ऐकला.